व्हेन ऑफ गेलनची विकृती आणि तान्ह्या बाळावरील उपचार: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्ह्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांत जन्मजात दोष आहे असे कळल्यावर पालक जे विचारतात त्यांतले बहुतेक प्रश्न तेच ते असतात, आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या उभ्या मिळालेली उत्तरे पुढच्या दहा मिनिटांत विसरली जातात. म्हणून ती येथे सावकाश वाचता येतील अशी लिहिली आहेत. अशा दोषांपैकी ‘व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन’ हा तान्ह्या वयात सर्वांत जास्त चर्चिला जाणारा दोष असल्याने मुख्यतः त्याविषयी लिहिले आहे. आपल्या बाळाविषयीचा निर्णय अर्थातच त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

हा दोष नेमका काय आहे?

शेतात पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांतून जिरत पुढे सरकते, तसे धमन्यांतून आलेले रक्त केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यातून हळूहळू जाते, मेंदूला प्राणवायू देते आणि मग शिरांवाटे हृदयाकडे परतते. या विकृतीत काही धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट एका मोठ्या शिरेत उघडतात. पाटाला भगदाड पडल्यावर पाणी वाफ्यांत न जाता सरळ ओढ्याला मिळावे, तसे हे होते. धमनीतला दाब सोसण्यासाठी शिरेची भिंत बनलेली नसते, त्यामुळे ती फुगत जाते. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये मेंदूच्या मधोमध जो मोठा फुगा दिसतो तो म्हणजे ही शीर होय. ती गाठ नव्हे आणि कर्करोगाशी तिचा काही संबंध नाही.

दोष दुर्मीळ आहे. साधारण पंचवीस हजार ते साठ हजार जन्मांमागे एक असे त्याचे वेगवेगळे अंदाज दिले जातात.

‘गेलन’ हे नाव कशामुळे?

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याच्या नावाने मेंदूच्या खोल भागातील एक शीर ओळखली जाते. गंमत अशी की फुगणारी शीर ती नव्हेच. गर्भाच्या सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या सुमारास मेंदूत एक तात्पुरती शीर असते आणि पुढे ती विरून जायला हवी असते. ती तशीच राहून धमन्यांशी जोडली गेली की हा दोष निर्माण होतो, हे १९८९ मध्ये दाखवून दिले गेले. तोवर जुने नाव इतके रुळले होते की ते तसेच राहिले.

दोष मेंदूत आहे, मग डॉक्टर सारखे हृदयाविषयीच का बोलतात?

पालकांना सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट हीच असते. बाळ पोटात असताना रक्ताला वारेतूनही सोपी वाट मिळालेली असते, त्यामुळे मेंदूतील भगदाडाकडे ओढले जाणारे रक्त मर्यादित राहते. जन्मानंतर नाळ कापली की ती वाट बंद होते आणि रक्त सर्वांत कमी अडथळ्याच्या जागेकडे, म्हणजे डोक्याकडे धावते. तीव्र दोष असलेल्या बाळात हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा डोक्याकडे जाऊ शकतो. उरलेल्या शरीराला पुरवायचे म्हणून हृदय वेगाने आणि जोराने काम करत राहते व अखेरीस थकते. फुप्फुसांतला रक्तदाबही चढतो.

दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावते तेव्हा पोटाकडे निघालेले रक्त महाधमनीत उलटे फिरून डोक्याकडे ओढले जाते. मूत्रपिंडे, यकृत आणि आतडी यांना त्यामुळे पुरेसे रक्त मिळत नाही. म्हणूनच मेंदूचा दोष असलेल्या बाळाच्या खाटेपाशी रोज सकाळी ‘लघवी किती झाली?’ हा प्रश्न आधी विचारला जातो.

विचित्र भाग असा की एवढे रक्त डोक्यात जाऊनही मेंदू उपाशी राहू शकतो, कारण ते रक्त मेंदूच्या पेशींपर्यंत न पोहोचता भगदाडातून निघून जाते आणि शिरांत वाढलेला दाब नेहमीच्या रक्ताची परतीची वाट अडवतो. हा ताण दीर्घकाळ टिकला तर मेंदूचा भाग अक्षरशः वितळल्यासारखा झिजत जातो. ही अवस्था आल्यावर भगदाड बंद करूनही गेलेला भाग परत येत नाही.

गरोदरपणातील सोनोग्राफीत हे का दिसले नाही?

पाचव्या महिन्यात जी सविस्तर सोनोग्राफी होते, तिच्यात हा दोष बहुधा दिसत नाही. तो शेवटच्या तिमाहीत ठळक होतो आणि तेव्हाही रंगीत डॉपलर, म्हणजे वाहते रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लावल्याशिवाय साधी पाण्याची पोकळी वाटू शकतो. आधीचा अहवाल ‘नॉर्मल’ होता याचा अर्थ कोणी हलगर्जीपणा केला असा होत नाही.

आमच्या हातून काही चुकले का? ग्रहण पाळले नव्हते.

नाही. हा दोष गर्भधारणेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, अनेकींना आपण गरोदर आहोत याची नीट सवय होण्याआधीच, घडून गेलेला असतो. ग्रहणात भाजी चिरणे, जिने चढणे, प्रवास, पपई यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. बाळंतपणानंतर टाळूवर तेल घातले किंवा घातले नाही, याचाही नाही. घरातील वडीलधाऱ्यांसमोर हे वाक्य डॉक्टरांकडून एकदा मोठ्याने वदवून घ्यावे, असा माझा सल्ला आहे. आईच्या माथी बसलेला दोष पुसायला अहवालापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

जन्मताच त्रास झाला नाही तर तो पुढे कसा लक्षात येतो?

भगदाड लहान असेल तर पहिले काही महिने बाळ ठीक असते. मग डोक्याचा घेर वयाच्या मानाने भराभर वाढतो, कपाळावर, कानशिलावर व पापण्यांवर निळसर शिरा उठून दिसतात, दूध पिताना बाळ दमते, घामाघूम होते आणि वजन भरत नाही. टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला की ठोक्यागणिक वाहत्या पाण्यासारखा आवाज ऐकू येतो. तो एकदा ऐकलेला डॉक्टर विसरत नाही. काही बाळांना आकडी येते. टाळू अजून भरलेली नसल्याने तिथूनच सोनोग्राफी करून निदानाची दिशा कळते, आणि नेमका नकाशा एमआरआयमधून मिळतो.

डोके उघडून ऑपरेशन करून हे एकदाचे काढून का टाकत नाहीत?

हा प्रश्न आजोबा विचारतात आणि तो योग्यच आहे, कारण १९८० च्या दशकापर्यंत शल्यचिकित्सक तसेच करत असत. परिणाम फार वाईट होते आणि नवजात बाळे तर बहुतेक दगावत. कारणे सरळ आहेत. ही शीर मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या मध्ये, खोल मागच्या बाजूला असते, आणि तिथवर पोहोचताना निरोगी मेंदू बाजूला सारावा लागतो. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम दोन कप चहाइतके. धमनीच्या दाबाने भरलेल्या शिरेला धक्का लागला तर ते किती वेळात संपेल याचा हिशेब करायला नको. शिवाय थकलेले हृदय लांबलेली भूल सोसू शकत नाही.

आज या दोषासाठी डोके न उघडता रक्तवाहिनीच्या आतून केलेली प्रक्रिया, म्हणजे एम्बोलायझेशन, हाच मुख्य उपचार आहे. पॅरिसच्या दक्षिण सीमेवरील बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ही पद्धत घडवली आणि तिच्याभोवतीचे नियमही बसवले.

एम्बोलायझेशन प्रत्यक्षात कसे करतात?

बाळाला पूर्ण भूल देऊन कॅथलॅबमधील, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिन्यांत नळी घालण्याच्या खोलीतील, टेबलावर ठेवतात. खोली थंड असते आणि बाळ थंड पडू द्यायचे नसते, म्हणून ऊबदार गादी आणि आवरणे असतात. जांघेतील धमनीत, किंवा अगदी नवजात असेल तर कधी नाळेतील धमनीतून, एक बारीक नळी सरकवतात. तिच्या आतून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची दुसरी, त्याहून नाजूक नळी मेंदूतील नेमक्या धमनीच्या टोकापर्यंत, जिथे ती शिरेत उघडते तिथवर नेतात. हे सारे एक्स-रेच्या पडद्यावर पाहत चालते.

मग भगदाड बुजवायचे. त्यासाठी बहुधा सायनोॲक्रिलेट जातीचा वैद्यकीय गोंद लिपिओडॉल नावाच्या तेलकट द्रवात मिसळून वापरतात. रक्ताचा किंवा सलाइनचा स्पर्श होताच तो घट्ट होतो, म्हणून नळी आधी डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) पाण्याने धुतात, हातमोजे बदलतात आणि गोंदाचे सामान सलाइनपासून वेगळ्या टेबलावर मांडतात. प्रवाह इतका जोराचा असतो की गोंद क्षणभर उशिरा घट्ट झाला तर शिरेतून निसटून फुप्फुसात जाईल, आणि क्षणभर लवकर झाला तर धमनीचे मागचे, निरोगी मेंदूला पुरवठा करणारे फाटे बंद होतील. म्हणून भूलतज्ज्ञ काही सेकंद रक्तदाब खाली आणतात, गोंद सोडला जातो आणि नळी झटक्यात मागे ओढून घेतली जाते, नाहीतर ती तिथेच चिकटायची. तासन्‌तास चाललेल्या तयारीतला खरा उपचार एवढ्या काही सेकंदांचा असतो. काही ठिकाणी ऑनिक्स नावाचा सावकाश घट्ट होणारा द्रव किंवा प्लॅटिनमची बारीक वेटोळी वापरतात.

शेवटी नळी काढून परिचारिका जांघ दाबून धरते. त्यानंतरचे काही तास त्या बाजूचे पाऊल गरम आहे का, बोटांचा रंग गुलाबी आहे का, हे वरचेवर पाहिले जाते, कारण इतक्या लहान धमनीत गुठळी होऊ शकते.

एका वेळेलाच सगळे बंद का करत नाहीत?

‘किती टक्के बंद झाले?’ हा कॅथलॅबबाहेरचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर कमी आले की चेहरे पडतात. तसे होऊ नये. सततच्या मोठ्या प्रवाहाची सवय झालेल्या मेंदूत वाट अचानक बंद केली तर दाब आजूबाजूच्या नाजूक वाहिन्यांवर येतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. फुगलेल्या शिरेत एकदम गुठळी झाली तर निरोगी मेंदूचे रक्त परतण्याची वाटही बंद पडू शकते. त्यातच एका बैठकीत बाळाला किती कॉन्ट्रास्ट (एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचे औषध), किती द्रव आणि किती किरणे द्यायची याला वजनानुसार मर्यादा आहे.

नवजात बाळात पहिल्या खेपेचे उद्दिष्ट हृदयाचे ओझे उतरवण्याचे असते, आणि प्रवाह तिसऱ्या हिश्शाने घटला तरी पुष्कळ बाळांचे व्हेंटिलेटर व औषधे कमी होऊ लागतात. बाकीचे काम काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने दोन, तीन, कधी त्याहून अधिक खेपांत होते. फोटो स्वच्छ दिसावा यासाठी बाळ पणाला लावायचे नसते. माझ्या मते, कुठे थांबायचे हे ज्याला कळते तोच या कामातला चांगला डॉक्टर.

आजार इतका गंभीर असताना ‘सहा महिने थांबू’ असे का सांगतात?

कारण वजन वाढते तशी धमनी मोठी होते, भूल सुरक्षित होते आणि तेच काम कमी धोक्यात होते. बाळाचे हृदय औषधांवर सांभाळले जात असेल, वाढ ठीक असेल आणि डोक्याचा घेर आपल्या रेषेवर असेल, तर पाच-सहा महिन्यांच्या सुमारास पहिली खेप करणे हा जुना, पारखलेला संकेत आहे. त्याआधी घेर झपाट्याने वाढू लागला किंवा हृदय पुन्हा थकू लागले, तर वाट पाहत बसायचे नसते.

नवजात बाळासाठी बिसेत्रचा २१ गुणांचा तक्ता आहे. त्यात हृदय, मेंदू आणि श्वसन यांना प्रत्येकी ५ आणि यकृत व मूत्रपिंडे यांना प्रत्येकी ३ गुण असतात. १२ पेक्षा अधिक गुण असल्यास औषधांवर थांबावे, ८ ते १२ असल्यास तातडीने एम्बोलायझेशन करावे आणि ८ पेक्षा कमी असल्यास उपचाराचा लाभ होण्याची शक्यता फार थोडी, असा मूळ संकेत होता. आज अनेक केंद्रे केवळ गुणांवर न थांबता मेंदूचा एमआरआय पाहून ठरवतात. मेंदूची भरून न येणारी हानी आधीच झालेली असेल तर उपचार न करण्याचा मार्गही डॉक्टर समोर ठेवतात, आणि तो ऐकायला लागणे हे या आजारातील सर्वांत कठीण संभाषण आहे. अशा वेळी आई-वडील दोघांनी एकत्र बसून, हवे तर दुसऱ्या केंद्राचे मत घेऊन ठरवावे. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

मेंदूत पाणी झाले आहे. शंट लगेच बसवायचा का?

शक्यतो नाही. शंट म्हणजे मेंदूतील पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी नळी. येथे पाणी साठते ते मुख्यतः शिरांतील दाबामुळे ते शोषले जात नाही म्हणून. मूळ दाब तसाच ठेवून शंटने पाणी काढून टाकले तर रक्तस्रावाचा आणि शिरा अधिक तुंबण्याचा धोका असतो. आधी एम्बोलायझेशन, आणि त्यानंतरही पाणी वाढत राहिले तरच दुर्बिणीतून वाट करून देणे किंवा शंट, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. टाळू फुगून बाळ सुस्त होत असेल तर मात्र हा क्रम मोडावा लागतो.

अशा आजारात उघडी शस्त्रक्रिया कधीच करत नाहीत का?

करतात, पण बहुधा दुसऱ्या दोषांसाठी. मेंदूच्या पृष्ठभागावरील एखादी धमनी थेट शिरेला जोडली गेली असेल, तर त्या जागी क्लिप लावून जोड तोडणे हा काही बाळांत चांगला पर्याय ठरतो, कारण जागा हाताशी असते. रक्तस्राव होऊन मोठी गुठळी मेंदूवर दाब आणत असेल तर ती काढण्यासाठीही कवटी उघडावी लागते. मेंदूच्या आवरणातील शिरांचे मोठे फुगवटे हा आणखी वेगळा प्रकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून इंटरनेटवर वाचलेली दुसऱ्या बाळाची हकीकत आपल्या बाळाला लावण्यापूर्वी दोषाचे नेमके नाव अहवालात पाहून घ्यावे.

बाळ पुढे इतर मुलांसारखे वाढेल का?

बिसेत्रच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या मालिकेत एम्बोलायझेशन केलेल्या २१६ मुलांपैकी २३, म्हणजे १०.६ टक्के दगावली. वाचलेल्या १९३ मुलांपैकी ७४ टक्के मुलांची मेंदूविषयक तपासणी सामान्य होती, सुमारे १५ टक्क्यांना मध्यम आणि १० टक्क्यांना तीव्र स्वरूपाचे मागासलेपण राहिले. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या बाळांचा मेंदू आधीच फार खराब झाला होता त्यांची या उपचारासाठी निवडच झाली नव्हती, आणि जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच उपचार करावे लागलेल्या बाळांचे निकाल मोठ्या बाळांच्या मानाने पुष्कळच वाईट होते.

आता गर्भातच हे ऑपरेशन करतात, असे ऐकले.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे चौतिसाव्या आठवड्यातील गर्भावर प्रथमच असे एम्बोलायझेशन झाले. सोनोग्राफीच्या आधाराने आईच्या पोटातून आणि गर्भाशयातून सुई गर्भाच्या कवटीत नेऊन शिरेत वेटोळी सोडण्यात आली. नाळ कापल्यावर कोसळणारे हृदय आधीच वाचवावे हा त्यामागचा विचार आहे. एमआरआयमध्ये शिरेतून रक्त बाहेर नेणारी वाट फार रुंद दिसली तर जन्मल्यावर तीव्र त्रास होण्याची शक्यता जास्त, या निरीक्षणावरून बाळे निवडली जातात. ही पद्धत प्रायोगिक आहे. गरोदरपणीच निदान झालेल्या मातेने आज करण्याजोगे काम म्हणजे नवजात अतिदक्षता विभाग आणि मेंदूची कॅथलॅब एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवणे.

महाराष्ट्रातील पालकांनी कुठे जावे आणि खर्चाचे काय?

रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा तेथील चमूकडे पाहावे: तान्ह्या बाळांवर हे काम केलेला न्यूरो-इंटरव्हेन्शन तज्ज्ञ (रक्तवाहिनीच्या आतून मेंदूवर उपचार करणारा डॉक्टर), बालभूलतज्ज्ञ, बालहृदयतज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ. ‘आपण वर्षाकाठी अशी किती बाळे पाहता?’ हे विचारायला संकोचू नये. मुंबई-पुण्याबाहेर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बेंगळुरूची निम्हान्स आणि दिल्लीची एम्स या सार्वजनिक संस्थांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील असे उपचार होतात.

खर्चात गोंद, नळ्या आणि वेटोळी यांचा वाटा मोठा असतो आणि खेपा अनेक असतात, म्हणून अंदाजपत्रक एका खेपेचे न मागता संपूर्ण उपचाराचे मागावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो; दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटून या प्रक्रियेला मंजुरी कशी मिळेल ते विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडून पुढे फिजिओथेरपी आणि विकासाची तपासणी यांची सोय होऊ शकते. एवढ्यासाठी दर महिन्याला मुंबई गाठण्याची गरज नसते.

पुढच्या मुलालाही हे होईल का?

बहुतेक कुटुंबांत हा दोष एकाच मुलात आढळतो. काही बाळांत मात्र ईपीएचबी४ किंवा आरएएसए१ या जनुकांत बदल सापडतो. असा बदल आई किंवा वडिलांकडून आला असेल तर तो पुढच्या प्रत्येक मुलात जाण्याची शक्यता निम्मी असते, जरी तो असलेल्या प्रत्येकाला मेंदूचा दोष होतोच असे नाही. आई, वडील, आत्या, मामा यांच्या अंगावर फिकट कडेचे गुलाबी-तांबूस डाग असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत. जन्मखूण म्हणून आयुष्यभर दुर्लक्षिलेला डाग येथे उपयोगी ठरतो.

दोन खेपांच्या मध्ये घरी काय पाहायचे?

डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, शक्यतो एकाच व्यक्तीने, भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून मोजावा व तारखेसह वहीत लिहावा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, म्हणून रुग्णालयातून कागदी टेप मागून घ्यावी. दूध थोडे थोडे, वरचेवर द्यावे. प्यायला लागणारा वेळ वाढू लागला तर तीही नोंद करावी. हृदयाच्या औषधाचे थेंब वजनानुसार ठरलेले असतात, त्यामुळे वजन वाढल्यावर मात्रा पुन्हा विचारावी आणि बाळ बरे दिसते म्हणून ती आपणहून बंद करू नये. लसीकरणही आपणहून थांबवू नये.

आकडी येणे, बाळ उठवूनही नीट न उठणे, वारंवार उलट्या, टाळू टणक फुगणे, डोळे खाली वळून राहणे, ओठ निळसर पडणे किंवा दूध पूर्ण नाकारणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री निघावे. निघताना कपड्यांच्या पिशवीआधी एमआरआयची सीडी, आधीच्या खेपांचे कागद आणि ती वही घ्यावी, कारण नव्या रुग्णालयातील डॉक्टरांना बाळ हाती घेताच सर्वांत आधी लागते ते हेच.